मोजून, पण पोटभर

मुलाला टाइप वन मधुमेह झाल्याचं निदान होतं आणि रुग्णालयातून घरी निघताना आईवडील पहिला प्रश्न विचारतात, "आता काय काय बंद करायचं?" बालमधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी असंख्य घरांकडून ऐकला आहे. उत्तर मिळायच्या आतच घरात बंदी सुरू झालेली असते. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद होतो, बटाटा बंद होतो, ऐन हंगामात आंबा घरात येईनासा होतो. महिन्याभराने मूल तपासणीला येतं तेव्हा वजन वाढलेलं नसतं आणि रक्तातली साखर कधी ६०, कधी ३५० अशी वरखाली होत असते. मग आई विचारते, "एवढं सगळं बंद करूनही असं का होतं?" हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. उत्तर थोडक्यात असं : जवळजवळ काहीच बंद करायचं नाही. मूल किती कर्बोदकं खाणार ते मोजायचं आणि त्या मापाने इन्सुलिन द्यायचं.

टाइप वन मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरच उलटते. इन्सुलिन याच पेशी बनवतात. त्या नष्ट झाल्या की इन्सुलिन बाहेरून देण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. मुलाने चॉकलेटं जास्त खाल्ली म्हणून हे झालेलं नाही आणि आईचं काही चुकलं म्हणूनही नाही. घरातल्या आजोबांना साठीत झालेला मधुमेह बहुधा टाइप टू असतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण ते पुरेसं काम करत नाही. म्हणून गोळ्या, चालणं, वजन उतरवणं आणि बेताचं खाणं यांचा त्यांना मोठा उपयोग होतो. तेच पथ्य वाढत्या वयाच्या मुलाला लावलं, तर मूल अर्धपोटी राहतं आणि आजार होता तिथेच राहतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार टाइप वन असलेली १९ वर्षांपर्यंतची सर्वाधिक मुलं भारतात आहेत, सव्वादोन लाखांहून अधिक. म्हणजे सव्वादोन लाख घरांत रोज तीन-चार वेळा हे ताट वाढलं जातं, आणि त्यातल्या कित्येक घरांत ते भीतभीत वाढलं जातं.

ही भीती कुठून आली, ते समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. मधुमेही मुलाला उपाशी ठेवणं हा एके काळी खरोखरच उपचार होता. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी रुग्णाला दिवसाकाठी अगदी मोजके उष्मांक देण्याची पद्धत रुजवली. तिने मुलांचं आयुष्य काही महिने, फार तर काही वर्षं लांबायचं, पण त्या मुलांचा नुसता सांगाडा उरायचा. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा इन्सुलिनयुक्त अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचला गेला. त्या पहिल्या इंजेक्शनाचा फारसा उपयोग झाला नाही. जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला तो पुन्हा दिला आणि मुलाची साखर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. वय पंधराला टेकलेलं आणि वजन जेमतेम २० किलो. अ‍ॅलन यांच्या पथ्यावर तिने तोवर दिवस काढले होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती पोटभर जेवू लागली, शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली.

इन्सुलिनमुळे उपासमारीची गरज संपली आणि तिच्या जागी नवं काम आलं : अन्न आणि इन्सुलिन यांचा मेळ घालणं. हे काम लोकांच्या हातात देणाऱ्यांपैकी एक होते लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स. ते स्वतः टाइप वनचे रुग्ण होते आणि १९२३ मध्ये मिळालेल्या इन्सुलिनमुळेच वाचले होते. रुग्णाला घरच्या घरी हिशोब करता यावा म्हणून त्यांनी १० ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा ठरवला आणि कोणत्या पदार्थाचा केवढा तुकडा म्हणजे एक वाटा, याची कोष्टकं केली. लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह १९३४ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटनाही उभी केली. पुढे १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ टाइप वन रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर सांभाळली तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यात दिसलं. या काटेकोरपणाची किंमतही त्याच अभ्यासाने दाखवली : साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. म्हणून नुसतं इन्सुलिन वाढवून भागत नाही, ते जेवणाच्या मापाला जुळवावं लागतं. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फमध्ये याचं रीतसर शिक्षण देण्याची पद्धत घडली. तीच ब्रिटनमधल्या प्रौढ रुग्णांना पाच दिवसांच्या वर्गात शिकवली गेली. २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की हवं ते खाण्याची मोकळीक मिळूनही साखर सुधारली, साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग वाढले नाहीत आणि रुग्णांचं जगणं हलकं झालं.

हा सगळा इतिहास एकाच दिशेने जातो, उपासाकडून मोजमापाकडे आणि मोजमापातून मोकळेपणाकडे. आपल्या बऱ्याच घरांत मात्र मधुमेही मुलाचं ताट अजून १९२१ सालातच अडकलेलं आहे. ते तिथून बाहेर काढायचं, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

मोजायची ती कर्बोदकंच, कारण खाल्ल्यावर एक-दोन तासांत रक्तातली साखर वाढवण्यात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा असतो. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा, फळं, दूध, डाळी, साखर आणि गूळ या सगळ्यांत ती असतात. अंडी, मासे, मटण, पनीर, तेल-तूप आणि पालेभाज्या यांत ती नसतात किंवा नगण्य असतात. इन्सुलिनचं एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांना पुरतं, हे प्रमाण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. डॉक्टर सुरुवातीला ५०० या आकड्याला दिवसभराच्या एकूण इन्सुलिनने भागून अंदाज बांधतात. दिवसाला २० युनिट लागत असतील तर ५०० भागिले २०, म्हणजे एक युनिट साधारण २५ ग्रॅमना पुरेल. ही केवळ सुरुवात. बऱ्याच मुलांना सकाळी त्याच खाण्याला जास्त इन्सुलिन लागतं, वयात येताना तर सगळंच गणित बदलतं. प्रमाण ठरवणं आणि बदलणं हे मुलाच्या डॉक्टरांचं काम आहे. ताटातले ग्रॅम काढणं हे घराचं काम आहे आणि पुस्तक त्याबद्दल आहे.

एक ताट मोजून पाहू. आठ वर्षांच्या मुलीचं दुपारचं जेवण आहे : दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडा भात, भेंडीची भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४, तांदळात ७८ आणि तूरडाळीत ५५ ग्रॅम कर्बोदकं असतात. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी धरली तर दोन पोळ्यांचे झाले ३८. वाटीभर वरणाला २५ ग्रॅम डाळ लागली, तिचे १४. भाताला २५ ग्रॅम तांदूळ घेतले, त्याचे २०. भाजीचे ५ धरू. एकूण ७७. या मुलीचं प्रमाण २५ ला १ असेल तर जेवणाला ३ युनिट. ती म्हणाली, "आज एकच पोळी पुरे," तर १९ ग्रॅम वजा करायचे. तिला आणखी भात हवा असेल तर तेवढे मिळवायचे. तिच्या भुकेवर आपण कुठेही बोट ठेवलेलं नाही.

या तक्त्यांतली बरीच धान्यं-कडधान्यं कच्ची मोजलेली आहेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवायला हवं. तांदूळ शिजून वजनाने जवळपास तिप्पट होतो, त्यामुळे १०० ग्रॅम मोकळ्या भातात २७-२८ ग्रॅमच कर्बोदकं असतात आणि आसट भातात त्याहून कमी. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला तर इन्सुलिन तिप्पट जाईल आणि मुलाची साखर धोकादायक खाली येईल. उलटी चूक झाली तर साखर चढेल. म्हणून काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल वजनकाटा ही या घरातली पहिली खरेदी असावी. आयुष्यभर प्रत्येक घास तोलायचा नाही. घरातल्या वाटीत किती भात बसतो, आपल्या घरची पोळी किती कणकेची होते, भाकरीला किती पीठ लागतं, हे काही आठवडे तोलून पाहिलं की डोळ्यांना माप कळू लागतं. मग अधूनमधून पडताळा घेतला तरी पुरतं.

तोलायला लागलं की घरातल्या बऱ्याच समजुती आपोआप तपासल्या जातात. "भाकरीने साखर वाढत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, कणकेहून कमी नाहीत. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी ४० ग्रॅमची होते, म्हणजे दोन पोळ्यांएवढी. नाचणीचंही तेच. ही धान्यं पौष्टिक आहेत, मुलांना जरूर द्यावीत, पण मोजून. उपासाच्या दिवशी तर हिशोब आणखी महत्त्वाचा होतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा धरून अर्धशतक सहज गाठलं जातं. पेलाभर दुधात साखर न घालताही १० ग्रॅम असतात. "बिनसाखरेचं" म्हणून मुलाला दुधाचे दोन पेले दिले आणि इन्सुलिन दिलं नाही, तर साखर वाढणारच.

सणाला काय करायचं, हे आया दबक्या आवाजात विचारतात. मला ते मोठ्याने सांगायचं आहे : मोदक द्या. २०० ग्रॅम तांदळाच्या पिठाचे १५६, दीडशे ग्रॅम गुळाचे सुमारे १३०, नारळाची थोडी भर. सगळे मिळून ३०० च्या घरात. या सारणाचे आणि उकडीचे १५ मोदक झाले तर एक मोदक साधारण २० ग्रॅमचा, म्हणजे जवळपास एका पोळीएवढा. सगळ्या साहित्याची बेरीज करायची आणि नगांनी किंवा वाढ्यांनी भागायचं, ही रीत पुरणपोळीला चालते, शिऱ्याला चालते, शाळेतल्या खिचडीलाही चालते. मोदक रोज खायचा पदार्थ नाही, पण तो कोणत्याच मुलाने रोज खायचा नसतो. गणपतीच्या दिवशी सगळी भावंडं मोदक खात असताना एकाच मुलाच्या पानात काकडी वाढली, तर त्या मुलाला आजारापेक्षा जास्त दुखतं ते हे.

ग्रॅम मोजले म्हणजे सगळं साधलं, असं मात्र समजू नये. तेवढ्याच कर्बोदकांचा रक्तातला वेग पदार्थागणिक बदलतो. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेला ग्लायसेमिक इंडेक्स हा वेगच सांगतो. ग्लुकोज लगेच चढतं, उसळ सावकाश चढते. तेलातुपाने पचन लांबतं, म्हणून वडापाव खाल्ल्यावर दोन तासांनी साखर ठीक दिसते आणि रात्री उशिरा वर जाते. संध्याकाळी मैदानावर दोन तास खेळलेल्या मुलाची साखर रात्री झोपेत खाली येऊ शकते. इन्सुलिनची वेळही महत्त्वाची आहे. जलद इन्सुलिन जेवणाआधी १० ते १५ मिनिटं, साधं रेग्युलर त्याहून आधी, सुमारे अर्धा तास. अडीच-तीन वर्षांचं मूल ताट पूर्ण करील की नाही याचीच खात्री नसते, तिथे कधी कसं द्यायचं ते डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. ताप, उलट्या असताना मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं जीवघेणं ठरू शकतं. अशा वेळी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारे आम्ल पदार्थ) तपासायचे आणि लगेच डॉक्टरांशी बोलायचं.

साखर ७० च्या खाली गेली की तो लो. तिथे वेळ घालवायचा नाही. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम लवकर चढणारी साखर द्यायची. २५ किलोच्या मुलाला ७-८ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढं ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट किंवा पेढा यांतली स्निग्धता साखर उशिरा चढवते, म्हणून लोमध्ये ते पहिल्यांदा द्यायचे नाहीत. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन जवळ असेल तर ते द्यायचं आणि तडक रुग्णालय गाठायचं. लोची ही माहिती कापून फ्रिजवर लावता यावी म्हणून पुस्तकात ती वेगळ्या पानावरही छापली आहे.

काही आईवडील दुसऱ्या टोकाला जातात. कर्बोदकंच साखर वाढवतात ना, मग ती देऊच नयेत. बालमधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं मुलांच्या आहारातले ४० ते ५० टक्के उष्मांक कर्बोदकांतून यावेत असं सांगतात, आणि त्याला कारणं आहेत. कर्बोदकं फार तोडली तर उंची-वजन खुंटू शकतं, कीटोन वाढू शकतात, आणि खाण्याशी मुलाचं नातं बिघडतं. भुकेलेलं मूल चोरून खातं. चोरून खाल्लेलं सांगता येत नाही आणि न सांगितलेल्याला इन्सुलिन मिळत नाही. म्हणजे बंदी जितकी कडक, तितका हिशोब खोटा. किशोरवयात काही मुली वजन उतरावं म्हणून इन्सुलिनच टाळू लागतात, हा धोकाही घरात लहानपणापासून झालेल्या बोलाचालीतून वाढीला लागतो. साखर ३०० दिसली की "काय खाल्लंस?" हा प्रश्न आपल्या तोंडून उलटतपासणीसारखा निघतो. त्याऐवजी "काय राहिलं बरं मोजायचं?" असं विचारून पाहावं. चूक हिशोबात शोधावी, मुलात शोधू नये.

आणि हिशोबातली चूकही फार मनाला लावून घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या आहारतज्ज्ञ कार्मेल स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं की ६० ग्रॅमच्या जेवणात १० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी जेवणानंतरच्या साखरेवर फारसा परिणाम होत नाही, २० ग्रॅमची चूक मात्र जाणवते. अर्ध्या पोळीचा फरक चालेल, एका पोळीचा टाळावा, एवढी ही अचूकता आहे. भाजीतल्या गाजराच्या तुकड्यांवर रात्र जागवायचं कारण नाही.

प्रत्येक घराला दिवसातून चार इंजेक्शनं, पेन, पंप किंवा सतत साखर दाखवणारा सेन्सर परवडत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. बरीच मुलं सकाळ-संध्याकाळच्या मिश्र इन्सुलिनवर आहेत. तिथे डोस ठरलेला असतो, म्हणून जेवणाच्या वेळा आणि प्रत्येक वेळची कर्बोदकं रोज सारखी ठेवायची. मोजणं त्यांनाही लागतं, फक्त दिशा उलटी. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. स्ट्रिपांच्या खर्चामुळे तपासणी टाळली जाते, हेही मी पाहते. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेला ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था गरजू मुलांना आधार देत आल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या परीक्षेत मधुमेही मुलांना खाऊ सोबत नेऊ दिला. ही पावलं योग्य दिशेने आहेत, पण इन्सुलिन आणि स्ट्रिपा प्रत्येक मुलाला विनाखंड मिळायला हव्यात. तोवर हिशोबाची विद्या अर्धीच उपयोगी पडेल.

पुस्तक सलग वाचलं नाही तरी चालेल. पहिल्या भागात रोजच्या जेवणाची कोष्टकं आहेत, दुसऱ्यात सणवार आणि उपास, तिसऱ्यात शाळा, प्रवास, खेळ आणि आजारपण. डब्यात ग्रॅमचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यापासून सुरुवात करा. शिक्षकांना ती दाखवा. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की बेरीज त्याच्याकडून करून घ्या, पण डोस मोठ्यांनी पाहिल्याशिवाय जाऊ देऊ नका. घरात आजी असेल तर वजनकाटा आधी तिच्या हातात द्या. स्वयंपाकाचा अंदाज तिच्याएवढा कुणालाच नसतो, आणि "एक घास दिला तर काय होतं," असं म्हणणारी आजी स्वतः तोलू लागली की मुलाला एक जाणती सोबतीण मिळते.

घरातल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेतून आल्यावर मुलाला पहिलं काय विचारायचं, हे ठरवून घ्या. डबा आवडला का, पोट भरलं का, हे आधी विचारा. शुगर किती आली, हे त्यानंतर. दोन्ही प्रश्न जरुरीचे आहेत, पण या क्रमावरूनच मुलाला कळतं की घराची काळजी आकड्यापुरती आहे की त्याच्यासाठी आहे.